यंदा घोडी कुठल्या घोड्याला दाखवणार?

कोल्हापुरातून हुपरीच्या रस्त्याला लागलं की उचगावच्या पुढं गडमुडशिंगी येतं. शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ. त्याची धावपट्टी वाढवायला याच गावच्या जमिनी गेल्या. उरलेल्या रानात ऊस, आणि उसातून सुटलेल्या तुकड्यांवर प्लॉट. एवढ्या दाटीतही ऊस तुटून रानं मोकळी झाली की कुणीतरी खतासाठी बकरी बसवतो. वाघर लागते, कुत्री भुंकतात आणि कडेला पायबंद घातलेली एखादी घोडी धसकटं हुंगत उभी असते. तिच्या पाठीवर अख्खा संसार येतो: घोंगडी, भांडी, कोंबड्या, चालता न येणारं कोकरू, कधी घरातलं लहान पोरही. जाणारा-येणारा तिला ‘धनगराचं तट्टू’ म्हणतो आणि गाडी पुढं काढतो.

या तट्टांची जात भीमथडी. देशात आजवर घोड्यांच्या ज्या आठ देशी जाती नोंदल्या गेल्या, त्यांतली आठवी ही, आणि महाराष्ट्राची म्हणावी अशी एवढीच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं 2024 मध्ये तिची नोंद केली. त्यासाठी बारामतीचे रणजित पवार आणि त्यांच्या भीमथडी अश्व संघटनेनं चिकाटीनं पाठपुरावा केला. हे श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं.

पण नोंद झाली म्हणजे जात वाचली, असं नाही. जात वाचते की बुडते ते कर्नालला ठरत नाही. ते ठरतं गडमुडशिंगीच्या, सांगवड्याच्या, पट्टणकोडोलीच्या रानात, घोडी माजावर आल्यावर. तिला कुठला घोडा दाखवायचा, एवढ्या एका निर्णयावर.

भीमा-नीरेच्या खोऱ्यात हा घोडा घडला. इथली काटक तट्टं आणि बाहेरून आलेली अरबी, तुर्की घोडी यांच्या मिश्रणातून पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली. बुटका, कमी चाऱ्यावर भागवणारा, दगडधोंड्यांतून न अडखळता चालणारा आणि मुख्य म्हणजे न दमणारा. मोठ्या छावण्या आणि तोफखाना घेऊन चालणाऱ्या मोगली फौजांना संताजी घोरपडे यांनी जेरीस आणलं ते असल्या घोड्यांच्या पाठीवरून. त्यांच्या घराण्याची कापशी आपल्याच कागल तालुक्यात आहे. 1758 मध्ये मराठे अटकेला पोचले तेही याच घोड्यांच्या खुरांवर. 1818 नंतर पागा मोडल्या, शिलेदार घरी बसले, घोड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात तेवढी पागा शिल्लक राहिली. घोडा मात्र राहिला तो धनगरांनी ठेवला म्हणून. ना अनुदान, ना मान. ओझ्याला लागतो म्हणून ठेवला.

2023 पासून जे आपलं राज्यगीत आहे, त्यात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. सरकारी कार्यक्रमात उभं राहून आपण ते म्हणतो, आणि बाहेर पडल्यावर रस्त्यात घोडी आडवी आली की हॉर्न वाजवतो.

आता ओझ्यालाही ‘छोटा हत्ती’ आला. कळप लहान झाले, पडीक रान संपत आलं. देशभराचं चित्रही असंच आहे. 2012 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाख होती, ती 2019 मध्ये साडेतीन लाखांच्याही आत आली. घट ही एक गोष्ट. त्याहून मला जास्त धास्ती आहे ती भेसळीची. सारंगखेड्याच्या आणि अकलूजच्या बाजारात भाव कुणाला, तर उंच मारवाडीला, कान टोकाला टोक लावणाऱ्याला, नाही तर पंजाबकडच्या पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला. लग्नाच्या वरातीला तोच हवा, मिरवणुकीत नाचवायला तोच हवा. साहजिकच घोडीवाल्याला वाटतं, जवळपास कुणाचा मारवाडी असेल तर दाखवू, शिंगराला चार पैसे जास्त येतील. येतातही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तो मारवाडी तरी कुठला? त्याच्या आईबापाचा पत्ता नसतो, कागद नसतो. उंची आहे एवढंच. त्याच्यापासून झालेलं शिंगरू मारवाडी नसतं आणि भीमथडीही उरत नाही. पुढच्या पिढीत त्या घोडीला काय होईल, याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही.

घोडी अकरा महिने गाभण राहते. दरवर्षी शिंगरू मिळेलच असंही नाही. म्हणजे चांगल्या भीमथडी घोडीचं एक वर्ष चुकीच्या घोड्यावर गेलं, तर ते परत मिळत नाही. घोड्याचं तर आणखी अवघड. एक वाईट नर एका मोसमात दहा घोड्यांची शिंगरं बिघडवतो.

म्हणून पहिली विनंती घोडीवाल्या मंडळींना. भीमथडी घोडीला भीमथडीच घोडा दाखवा, आणि तो बघताना भोवऱ्यांवर वेळ घालवू नका. आपल्याकडं बाजारात गेलेला माणूस आधी भोवरा मोजतो, पंचकल्याणी आहे का बघतो, आणि खूर बघायचा विसरतो! घोडा जमिनीपासून वर बघत जावा. खूर चिरलेले नकोत, पुढचे पाय समोरून सरळ हवेत, वरचे दात खालच्यांच्या पुढं आलेले नकोत, दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत. आणि स्वभाव. चावऱ्या घोड्याची शिंगरं चावरी निघण्याचा धोका असतोच. सख्ख्या नात्यात संकर नको. वाड्यावरचा घोडा दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या वाड्याशी अदलाबदल करा, म्हणजे त्याच्याच लेकी त्याच्यापुढं येणार नाहीत. आणि चांगला नर वछेरा दिसला तर तो दोन वर्षांचा असतानाच बाजारात घालवू नका. गावानं मिळून तो राखावा. उत्तम नर विकून टाकायचे आणि उरलेल्यांवर पैदास करायची, यानं कुठलीही जात खाली येते.

दुसरी गोष्ट वय. दोन वर्षांची घोडी माजावर येते म्हणून ती आई व्हायला तयार झाली असं नाही. तिची स्वतःचीच हाडं वाढत असतात. तीन पुरी झाल्याखेरीज भरवू नये. हाच हिशेब गाडीला आणि स्वारीलाही लागू. आपल्या जिल्ह्यात घोडागाडीच्या शर्यतींचा शौक मोठा. वछेरं लवकर जुंपलं की पहिल्या वर्षी ढाल मिळते आणि चौथ्या वर्षी घोडा गुडघ्यात बसतो. खडखड्याला नवे घोडे जुंपून स्वतः लगाम धरणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाला घोडा कसा तयार करायचा हे कुणी शिकवायला नको, पण घाई झाली आहे खरी.

आणि शिंगरू. घोडी बहुधा रात्रीच विते. एक-दोन दिवस आधी आचळांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात, तेव्हापासून जागं राहायचं. पाण्याची पिशवी फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. आलं नाही, किंवा आधी पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी दिसली, तर ती तिथंच फाडून शिंगराला श्वास मिळवून द्यायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही. पुढचा हिशेब तोंडपाठ करावा असा आहे: एक तासात उभं, दोन तासांत आचळाला, तीन तासांत घोडीची वार पडलेली. लांबच लांब पायांवर ते चार वेळा कोलमडतं, तोंडानं आईची मांडी, पोट, भिंत सगळं चाचपतं. लगेच हात घालायची घाई नको, पण वेळेवर डोळा हवा. कारण पोटात असताना शिंगराला आईकडून रोगाविरुद्धचं बळ मिळत नाही. ते सगळं चिकातून येतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर गेला. एक दिवस उलटला की आतडं ते घेईनासं होतं. पहिला चीक काढून फेकून द्यायची चाल कुठं उरली असेल तर ती आता मोडा. नाळेला आयोडीन लावा. गाभण घोडीला विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस दिली तर तिचा फायदा चिकातून शिंगरालाही मिळतो. सहा महिन्यांपर्यंत दूध तोडू नका. दोन महिन्यांपासून खुरांवर नालबंदाची नजर ठेवा. वाकडा खूर लहानपणी कानशीनं सरळ होतो, मोठेपणी होत नाही.

नवा घोडा बाहेरून आणताना ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय कळपात सोडू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्यात सापडला तर कायद्यानं तो घोडा मारावा लागतो.

पुण्यात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं नोंदणी कार्यालय आहे. तिथं प्रत्येक शिंगराचे आईबाप नोंदलेले असतात. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात 2023 मध्ये दुसऱ्या घोडीच्या पोटी मारवाडी जातीचं शिंगरू जन्माला घातलं गेलं, राज-प्रथमा तिचं नाव. हे सगळं जमतं. मग आपल्याला एक वही का जमू नये? घोडीचा रंग, खुणा, कुठल्या तारखेला कुठला घोडा दाखवला, शिंगरू कधी झालं, नर की मादी, कुणाला दिलं. ग्रामपंचायतीनं नाही तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यानं ही वही ठेवावी. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना वर्षातून एकदा बोलवावं. लग्नघरांनाही एक सांगणं आहे. वरातीला भीमथडी मागा. नवरदेवाचा फेटा बुटक्या घोड्यावरही तेवढाच उठून दिसतो, आणि गिऱ्हाईक आलं की नर राखायला पैसा येतो.

हे सुरू करायची जागा शोधायला लांब जायला नको. आश्विनात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर समाज तिथं लोटतो, भंडारा उधळतो, फरांडे बाबांची भाकणूक ऐकतो. घोड्या माजावर यायचा मुख्य मोसम त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो. म्हणजे घोडा ठरवायला ही वेळ नेमकी. गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांनी मिळून यात्रेच्या आदल्या दिवशी एक मोकळं रान, पाण्याचा टँकर आणि दोन पशुवैद्य एवढी सोय करावी. घोडी आणा, नर आणा, दात-खूर तपासून घ्या, रक्ताचे नमुने द्या. कुणाची घोडी कुणाच्या घोड्याला दाखवायची ते तिथंच बसून ठरवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून उठा.