कोळी मोजले का?

सफरचंदाच्या बागेत फळ पोखरणाऱ्या पतंगाचा अंदाज तापमानाच्या बेरजेवर बांधतात. कामगंध सापळ्यात नर पतंग नियमित सापडू लागले, की दहा अंशांवरची रोजची ऊब मोजत जायची आणि अंडी केव्हा फुटतील ते ठरवायचे. शहापूरजवळच्या सापगावच्या भातखाचराला एवढे गणित लागत नाही. गरवे भात निसवू लागले, की खाचरात उतरून चुडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे. चुडामागे पाच ते दहा तुडतुडे म्हणजे धोक्याची पातळी.

पण आपण मोजतो ते फक्त शत्रू. त्याच बुंध्याशी तुडतुडे फस्त करणारा लांडगा कोळी असतो, त्यांची अंडी शोषणारा हिरवा मिरिड ढेकूण असतो, वर चतुर घिरट्या घालतात. दुकानदार देईल ते औषध मारले की आधी ही मंडळी जातात. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात शाबूत राहतात. ती फुटतात तेव्हा खाणारे कुणी उरलेले नसते. इंडोनेशियाने याच अनुभवानंतर १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्याकडे औषधाचा डबा अजून शेतीप्रेमाचा पुरावा मानला जातो!

राज्यात २००९-१०पासून क्रॉपसॅप या सरकारी प्रकल्पाखाली कीड-सर्वेक्षण होते, ते चांगलेच आहे. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याने त्याच्या जोडीला स्वतःची वही ठेवावी: दोन किडींमागे एक मित्रकीटक दिसला, तर पंप खांद्यावर घेण्याआधी आठवडाभर थांबून पुन्हा मोजावे.