मंत्री मिळाला, आमदाराचे काय?

नागपुरात 15 डिसेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि सातारा जिल्ह्याच्या पदरात एकदम चार कॅबिनेट मंत्रिपदे पडली. साताऱ्याचे शिवेंद्रसिंहराजे भोसले, पाटणचे शंभूराज देसाई, माणचे जयकुमार गोरे आणि वाईचे मकरंद ‘आबा’ पाटील. विधानसभेच्या जागा आठ, त्यातले चार मंत्री. पाचगणी वाई मतदारसंघात येते, त्यामुळे टेबललँडच्या कुशीतही ‘आपले आबा मंत्री झाले’ या आनंदाला तोटा नव्हता. मदत व पुनर्वसन खाते मिळाले म्हणून कोणी हळहळले असेल तर ते चुकलेच. त्या खात्याकडे पुढे येऊ.

या गुलालात एक साधा हिशेब राहून गेला. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही. त्याने उत्तर द्यायचे असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सारी हत्यारे मंत्री नसलेल्या आमदाराची. निम्म्या जिल्ह्याने शपथविधीच्या दिवशीच ती म्यान केली. आणि उरलेले चार? 2024 मध्ये साताऱ्याच्या आठही जागा महायुतीने जिंकल्या: भाजप 4, शिवसेना 2, राष्ट्रवादी 2. विरोधी बाकावर बसेल असा जिल्ह्यातून एकही जण निवडून गेला नाही. सत्ताधारी आमदारालाही प्रश्न विचारता येतो, काही जण विचारतातही. पण आपल्याच सरकारला घाम फुटेल असा प्रश्न विचारण्याचे धारिष्ट्य किती जणांत असते, हे अधिवेशने पाहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

मकरंद पाटील यांची निवडणुकीतली कामगिरी दमदार आहे, यात वाद नाही. 2009 मध्ये त्यांनी अपक्ष राहून काँग्रेसच्या मदन भोसले यांना हरवले. 2014 ला समोर तेच भोसले, पण पाटील आता राष्ट्रवादीत. 2019 ला पुन्हा तीच जोडी, फक्त भोसले भाजपमध्ये गेलेले. 2024 ला घड्याळ विरुद्ध तुतारी झाली आणि अरुणादेवी पिसाळ हरल्या. माणसे तीच, चिन्हे बदलती. वाईच्या मतदाराला पक्षांतरबंदी कायदा कळतो की नाही कोण जाणे, पण पक्ष ही किती पातळ गोष्ट आहे हे त्याला पक्के कळलेले आहे. वडील लक्ष्मणराव पाटील 1999 आणि 2004 मध्ये साताऱ्याचे खासदार. बंधू नितीन पाटील जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष, आणि ऑगस्ट 2024 पासून राज्यसभेत. लोकसभेला उदयनराजेंना साथ द्या, नितीनना खासदार करतो, असा शब्द अजित पवारांनी त्या निवडणुकीच्या प्रचारात वाईकरांना उघड सभेत दिला होता. तो पाळला गेला. त्याआधी 2022 मध्ये भुईंजचा किसन वीर साखर कारखाना मदन भोसलेंच्या हातून पाटलांच्या पॅनेलकडे आला होता.

हे सगळे सांगायचे कारण पैसा. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये. वाई मतदारसंघात वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर हे तीन तालुके. सव्वातीन ते साडेतीन लाख मतदार धरले तर डोक्यामागे अकरा-बारा रुपये पडतात. पाचगणीच्या बाजारात तेवढ्यात कटिंग चहा मिळाला तरी नशीब. शिवाय ही मर्यादा फक्त अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या दिवसांना लागू. त्याआधीचे हळदीकुंकू, क्रिकेटच्या स्पर्धा, देवदर्शनाच्या बसगाड्या कोणत्याच खात्यात नाहीत. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. या पळवाटेवर सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये बोट ठेवले होते, तर संसदेने कायदा दुरुस्त करून पळवाटच रुंद केली.

यात एकट्या वाईचे काही नाही. 2009 मध्ये भोकरमधून लढलेल्या अशोक चव्हाणांच्या खर्चात वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटी 5,379 रुपये दाखवले होते, आणि त्याच काळात वर्तमानपत्रांत त्यांच्या कौतुकाची पानेच्या पाने छापून येत होती. पी. साईनाथांनी ते बाहेर काढले. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये नोटीस दिली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गोपीनाथ मुंडे तर 2013 मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की 2009 च्या लोकसभेला आपले आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती 25 लाखांची. नोटीस आली, खुलासा गेला, प्रकरण मिटले. एरवी कुणी खरे बोलल्याचे महाराष्ट्राने इतके मनावर घेतले नसेल.

पश्चिम महाराष्ट्रात मात्र निवडणुकीचा खरा खर्च रोखीने होतच नाही, असे म्हणायला जागा आहे. उसाला तोड कधी येणार, बँकेचे पीककर्ज कधी सुटणार, पोराला कारखान्यात चिकटवता येईल का, या गोष्टींना किंमत असते आणि पावती नसते. 2024 मध्ये राज्य सरकारच्या हमीवर ज्या सहकारी कारखान्यांना राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज मिळाले त्यांत किसन वीरही होता. सभासदांची थकलेली बिले मिळणार असतील तर ते स्वागतार्हच, आणि त्यात बेकायदा असे काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की आमदाराच्या खर्चाच्या वहीत ज्याची नोंद होऊच शकत नाही, तेच इथे निवडणुकीचे सर्वांत मोठे भांडवल आहे. ती वही सुद्धा कोणी उघडत नाही. निवडणूक संचालन नियमांतला 88 वा नियम सांगतो की एक रुपया भरून कोणीही उमेदवाराचा खर्चाचा हिशेब पाहू शकतो. पाचगणीतून सातारच्या जिल्हा निवडणूक कचेरीपर्यंत जायला एसटीचे तिकीट त्याच्या कितीतरी पट पडते, हीच काय ती अडचण.

आता कामाचे बघू. आमदार निधी वर्षाला 5 कोटी. त्यातून सभामंडप, काँक्रीटचा रस्ता, पथदिवे, आणि प्रत्येकावर नाव. रामभाऊ म्हाळगी आमदार असताना दरवर्षी मतदारांना छापील अहवाल देत, तो आपण सभागृहात काय केले याचा. आजच्या कार्यअहवालात सभागृह शोधावे लागते. गटार नगरपरिषदेने बांधायचे, रस्ता बांधकाम खात्याने. आमदाराचे नाव लागायला हवे ते कायद्यावर. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहून कामाच्या हक्काची कल्पना मांडली. तासगाव तालुक्यात ती करून पाहिली गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 2005 मध्ये देशाने ती उचलली. पत्र लिहिले तेव्हा पागे विधान परिषदेचे सभापती होते. एखाद्या बंधाऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी असेलही, नसेलही.

पाचगणीचे भवितव्य ज्या कागदाने ठरवले, त्यात आमदाराचा हात नव्हता. केंद्राच्या पर्यावरण खात्याने 17 जानेवारी 2001 रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तेव्हापासून बांधकाम, उत्खनन, झाडतोड यांवर बंधने आली. ती आली नसती तर आज डोंगरावर काय उरले असते ते सांगायला नको. पण गावठाणात पोराच्या लग्नापुरती एक खोली काढायला स्थानिक माणसाला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात आणि रस्त्यापलीकडे बघता बघता हॉटेलचा मजला चढतो, ही तक्रारही तितकीच जुनी. नियम सैल करा म्हणणारा प्रत्येक जण बिल्डरचा माणूस नसतो. हा तिढा निधीतून सुटत नाही. तो आराखड्यातून, नियमांतून आणि दिल्ली-मुंबईत खेटे घालून सुटतो. ते खेटे मात्र आमदाराने घालायचे.

आणि आता ते खाते. 22-23 जुलै 2021 च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. वाई तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली, तिकडे पाटणमध्ये आंबेघर आणि मिरगाव गाडले गेले. त्यानंतर धोक्याच्या वाड्या हलवण्याच्या घोषणा झाल्या. आज पुनर्वसन खात्याचा मंत्री त्याच देवरुखवाडीचा आमदार आहे. इतका सरळ योग कोणत्याही मतदारसंघाच्या नशिबी क्वचित येतो. 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले तेव्हा हे खाते सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. पण पॅकेज पाण्याने नेलेल्या पिकाचे असते. दरडीखालच्या वाडीला आधी जागा लागते, मग घर, मग त्या घराजवळ पोट भरेल असे काहीतरी. या तिन्हींचा हिशेब वाडीच्या नावानिशी मांडता येतो. मकरंद पाटलांची मंत्री म्हणून कामगिरी मोजायची तर त्यावरच मोजावी; ते पुरे पडले तर पथदिव्यांची यादी कोणी मागणार नाही.

प्रश्न उरतो तो विचारायचा कोणी. विधानसभेत सातारच्या आठांपैकी चौघे उत्तरे देणार आणि चौघे बाके वाजवणार. परिषदेत मात्र पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत सातारा जिल्हा येतो, आणि 2020 मध्ये महाविकास आघाडीतर्फे निवडून आलेले अरुण लाड आणि जयंत आसगावकर यांची मुदत डिसेंबर 2026 पर्यंत आहे. पाचगणी हे शाळांचे गाव. शिक्षक मतदारसंघाचे मतदार तिथे शोधायला लांब जावे लागणार नाही. शिक्षकांचे प्रश्न म्हणजे पगार, पेन्शन आणि अनुदान हे खरे, पण त्यांच्या आमदाराला इतर विषयांची बंदी नाही. अधिवेशनापूर्वी शिक्षकांनी त्याला एवढेच लिहून पाठवावे: 2021 नंतर वाई, जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांत किती वाड्या दरडप्रवण ठरल्या, त्यांपैकी किती कुटुंबांना पक्क्या घराचा ताबा मिळाला, आणि उरलेल्यांना कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? उत्तर द्यायला उभे राहतील ते त्यांचेच आबा.