सुटा टब आणि गाळलेलं पाणी



नणंदेच्या नव्या फ्लॅटचं बाथरूम ठरतंय. कॅटलॉगमध्ये भिंतीपासून सुटा, पांढराशुभ्र टब. "वहिनी, हाच घेऊ ना?" मी नको म्हटलं, तर जुनाट ठरले. ठरू दे.

स्वयंपाकघरात आपण नळाला गाळणं बांधतो, जिवाणीसुद्धा जपून सोडतो. आणि एका अंघोळीला २०० लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे २० लिटरच्या दहा बादल्या, न गाळता ओतायच्या? अपकायाचे जीव काय फक्त पिण्याच्या पाण्यात असतात? अनर्थदंडावरच्या प्रवचनात तर आपण सगळ्या माना डोलावतो. (शॉवरखाली वीस वीस मिनिटं उभ्या राहणाऱ्यांनीही हसू नये. त्यात मीही होते.)

ती म्हणते, महिन्यातून एकदाच भरेन. मग तर आणखी वाईट! टबाच्या मागे वीतभर फट, हात धड जात नाही. तिथे साबण, केस, ओल साचते. चातुर्मासात शेवाळ धरतं. शेवाळ म्हणजे अनंतकाय. कंदमुळं ताटात नकोत म्हणणाऱ्या आपण ते बाथरूममध्ये वाढवायचं, मग ॲसिड ओतून मारायचं? आणि तेही कामवाल्या मावशींच्या हातून!

शिवाय टबाचा काठ दोन फूट उंच. सासूबाईंनी गुडघे घेऊन तो ओलांडायचा कसा?

त्या जागेत पाट, बादली आणि भिंतीला धरायला एक दांडा बसव, असं मी तिला सांगितलंय. अजून फोन आलेला नाही.