प्रोसेसर आधी की कूलर आधी?

सांप्रत कोणत्याही घरात नवा संगणक घ्यावयाचा म्हटले की पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रोसेसरचा. तो थंड कसा राहणार, हा प्रश्न मात्र पैसे संपत आल्यावर सुचतो. हा क्रम चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हे मत बडोद्याच्या मे महिन्यात बनलेले असल्यामुळे त्यात थोडी उष्णता आढळल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आम्ही दोघे भावंडे. थोरलीस प्रोग्रॅमिंगची गोडी, धाकट्यास खेळांची. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेल्या रकमेत एकच संगणक येणार होता, व तो पुढील पाच-सहा वर्षे पुरवावयाचा होता. साहजिकच घरात दोन पक्ष पडले. खेळाच्या पक्षास २०२४ साली निघालेला रायझेन ७ ९८००एक्स३डी हवा होता. कारण त्यात ९६ मेगाबाइट एल३ कॅशे असल्याने खेळात वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशीच राहते. प्रोग्रॅमिंगच्या पक्षाचा ओढा २४ कोअर असलेल्या कोअर आय९-१४९००के याच्याकडे. मोठा प्रकल्प कंपाइल करताना ते सगळे कोअर एकदम कामास लागतात. दोन्ही म्हणणी खरी. परंतु आपणांस त्यांतले किती लागते, हे कोणीच विचारीत नव्हते. आमचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा. प्रोसेसरने दीडशे तयार केली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोहोचणार. आणि आमचे शाळकरी पायथॉन प्रोग्रॅम बहुधा एकाच कोअरवर चालतात. उरलेले तेवीस लग्नघरातील पाहुण्यांसारखे बसून राहिले असते.

आता उष्णतेकडे वळू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १४९००के हा पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. म्हणजे तीन पंख्यांहून अधिक वीज दोन-तीन चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात जिरते. तेथील उष्णता हलविणे हेच कूलरचे काम. तांब्याचा तळ ती घेतो, नळ्यांतील द्रवाची वाफ होऊन ती वर जाते व निवून परतते, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून पंखा वारा खेळवितो. परंतु असा कूलर कितीही उत्तम असला तरी प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पाण्याच्या कूलरचा बडेजाव मोठा, पण तोही शेवटी उष्णता त्याच हवेच्या स्वाधीन करतो. परीक्षणे बहुधा बावीस अंशांच्या आसपासच्या खोलीत होतात. तेथे ७५ अंशांवर राहणारा प्रोसेसर आमच्या ४० अंशांच्या दुपारी ९३ च्या घरात जाणार, हे गणित सातवीतला विद्यार्थीही करील. मर्यादा ओलांडण्याची वेळ आली की प्रोसेसर आपला वेग कमी करून जीव वाचवितो.

आमच्या एका मावसभावाने सगळे पैसे मोठ्या प्रोसेसरवर खर्चून त्यावर मुठीत मावेल एवढा कूलर बसविला. हिवाळ्यात सर्वांनी कौतुक केले. मे महिन्यात महाविद्यालयाचा प्रकल्प कंपाइल होताना ते यंत्र असे मंदावले की मित्राच्या निम्म्या किमतीच्या संगणकाने काम आधी संपविले. वेग त्याने विकत घेतला होता. वापरावयास मात्र मिळाला नाही.

हे पाहिल्यावर आम्ही रायझेन ५ ७६०० घेतला. कोअर ६, वर्ग ६५ वॅटचा, आणि पूर्ण भारावरही वीज ८८ वॅटच्या आत. त्याच्या पेटीत एक छोटा कूलर येतो. तो टाकाऊ नव्हे. पण भर दुपारी त्याचा आवाज अभ्यासाच्या खोलीत सोसवत नाही. म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा उंच कूलर निराळा घेतला. तो केसमध्ये मावेल की नाही हे आम्ही दुकानात पट्टी लावून मोजले, तेव्हा दुकानदार काका हसले, हसोत बापडे. पुढे पैसे साठल्यास त्याच सॉकेटमध्ये ९८००एक्स३डी बसू शकतो, आणि त्यालाही पुरेल असाच कूलर आम्ही निवडला. एवढ्यावर धाकट्याची समजूत पटली. थोरलीने उरलेल्या पैशांत मेमरी वाढवून घेतली.

बसविताना चूक आमच्याकडूनही झाली, ती सांगितली पाहिजे. कूलरच्या तळावरील प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा काढावयाचा राहिला. पहिल्याच चाचणीत तापमानाचा आकडा झरझर ९५ वर गेला. दोन्ही पक्षांनी एकमेकांस दोष दिला. बाबांनी मुकाट्याने कूलर उतरविला, पापुद्रा सोलला, तळ पुसून नवी पेस्ट लावली, आणि आकडा ऐंशीच्या खाली आला. तो पापुद्रा अजून आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.