गुणगौरवाच्या यादीत ‘रॅली’ बसत नाही म्हणे



जरा लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊनच बसा. विषय आपल्या मराठी मंडळांच्या गुणगौरव समारंभाचा आहे आणि मोटार रॅलीचाही. दोन्हींचा काय संबंध, ते सांगते.

मी बेळगावची. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. माझ्या बहिणीची मुलगी बेंगळुरात सिव्हिल इंजिनियर आहे आणि सुट्ट्या साठवून राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेत नॅव्हिगेटर म्हणून उतरते. म्हणजे गाडी दुसरा चालवतो, ही शेजारी बसून त्याला पुढचा रस्ता वाचून दाखवते. एका फेरीत ही जोडी आपल्या गटात तिसरी आली. बहिणीनं हौसेनं मंडळाकडं नाव दिलं. उत्तर आलं, “ताई, हा हुशार मुलांचा कार्यक्रम आहे. गाड्या उडवणाऱ्यांचे सत्कार करायला लागलो तर गल्लीतली पोरं काय शिकतील?”

मंडळाचं नाव घेत नाही. हेच उत्तर बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात, हैदराबादेतही मिळालं असतं. दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सोडून आलेली आपली घरं मुलांच्या शिक्षणावर उभी राहिली. त्यामुळं मार्कशीटवर जे छापून येत नाही, त्याला आपण गुणच म्हणत नाही. माझा वाद तिथं आहे.

आधी हा खेळ काय आहे ते बघूया. आपल्या देशात ही राष्ट्रीय मालिका १९८८ पासून चालते. कोइमतूर, चेन्नई, बेंगळुरू, चिकमगळूर ही तिची जुनी ठिकाणं, आणि नाशिकची रॅलीही या मालिकेत राहिलेली आहे. रॅलीत गाड्या एकमेकींना घासत, एका रांगेतून सुटत नाहीत. एकेक गाडी ठराविक मिनिटांच्या अंतरानं सुटते. वाहतुकीला पूर्ण बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला ‘स्टेज’ म्हणतात. कॉफीच्या मळ्यातला नाहीतर माळावरचा कच्चा रस्ता. तिथं फक्त घड्याळाशी स्पर्धा, आणि वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर जाताना मात्र उघड्या रस्त्यानं, सगळ्यांसारखे वाहतुकीचे नियम पाळत जायचं.

आता वेगाचं वेड म्हणणाऱ्यांनी हा नियम ऐकावा. तपासणी नाक्यावर कोणत्या मिनिटाला हजर व्हायचं हे ठरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नियमानं एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंद दंड, आणि एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण एक मिनिट दंड. म्हणजे लवकर पोचण्याची शिक्षा उशिराच्या सहापट! ते मिनिट सांभाळायची जबाबदारी नॅव्हिगेटरची. आपल्याकडं पंगतीला दोन तास उशिरा येणारे लोक या खेळाला बेशिस्त म्हणतात, काय बोलायचं सांगा की.

राहिली हुशारी. स्पर्धेच्या आधी ठरवून दिलेल्या कमी वेगात तोच रस्ता बहुधा दोनदा बघायला मिळतो. ड्रायव्हर एकेक वळण सांगतो, नॅव्हिगेटर वहीत लिहून घेतो. बहुतेक जण वळणांना एक ते सहा आकडे देतात. एक म्हणजे अगदी आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. काही जण उलटंही मोजतात. मग ओळ अशी होते : पन्नास मीटर, डावं चार, चढ संपताच उजवं दोन, आतून कापू नको, दगड आहे. आता गणित करा. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर. पन्नास मीटर संपायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. गाडी आदळत असताना, हेल्मेटमधून, वहीतली ओळ योग्य क्षणी वाचायची. लवकर वाचली तर ड्रायव्हर विसरेल, उशिरा वाचली तर गाडी दरीत. मी बत्तीस वर्षं पाढे पाठ करून घेतले, पण अशी तोंडी परीक्षा मलाही घेता आली नसती. आणि ज्याला आपण हुशारी म्हणून डोक्यावर घेतो, ती तरी याहून वेगळी काय असते?

“पण धोका?” आहे. लपवायचं कारण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ याच मालिकेची फेरी चालू असताना बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातले तीन जण गेले. त्या घराला नियमपुस्तक वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. संयोजकांना प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि माझ्या भाचीलाही मी ते विचारले. तिचं म्हणणं, रस्ता कागदावर बंद करून भागत नाही. आधी गावात घरोघर सांगावं लागतं, आणि प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी डोकं ठिकाणावर असलेला माणूस उभा करावा लागतो. त्या माणसाला मार्शल म्हणतात. मला विचाराल तर विसर्जन मिरवणुकीत पहाटेपर्यंत दोरी धरणारी आपली पोरं यात तरबेज आहेत. त्यांना हे काम कुणी सांगितलंच नाही.

गाडीत लोखंडी पिंजरा असतो, अंगावर आग सहज न धरणारे कपडे, खांद्यांवरून येणारे पट्टे, हेल्मेट. गाडीत एक फलक ठेवावा लागतो, एका बाजूला हिरव्यात ‘ओके’, दुसऱ्या बाजूला लाल ‘एसओएस’. गाडी उलटली आणि लाल बाजू दाखवली, तर मागून येणाऱ्यानं आपली स्पर्धा सोडून मदतीला थांबायचं. न थांबणाऱ्यावर कारवाई होते.

आता आपली ‘रॅली’ आठवा. पाडवा असो की शिवजयंती, मंडळाच्या वर्गणीतून पेट्रोल भरून मोटारसायकली निघतात. डोक्याला फेटा, हेल्मेट नाही. एका गाडीवर तिघं, हातात झेंडा, आणि चालवणाऱ्यांपैकी किती जणांकडं लायसन आहे हे विचारायची सोय नाही. रस्ता बंद नाही, ॲम्ब्युलन्स नाही. त्या रॅलीचे फोटो आपण कौतुकानं टाकतो आणि जिथं शिस्त शिकवली जाते तिथं म्हणतो, पोरं बिघडतील. पोरं कुठं बिघडतात ते एकदा बघा तरी.

“श्रीमंतांचा खेळ” हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. गाडी बांधणं, टायर, मेकॅनिकची फौज, हे नोकरदार घराला परवडणारं नाही, आणि ड्रायव्हरच्या सीटवर पैशाचा हक्क मोठा आहे. म्हणूनच मी म्हणते, दुसऱ्या सीटकडं बघा. तिथं वही, डोकं, फेडरेशनचा परवाना आणि भरपूर सराव लागतो. त्या सीटवरून माणूस कुठं जातो? फ्रान्सचे ज्याँ टॉड नॅव्हिगेटर होते, पुढं फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख झाले आणि २००९ पासून २०२१ पर्यंत मोटार खेळाच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष. १९८१ मध्ये इटलीतली सानरेमो रॅली मिशेल मूतों आणि नॅव्हिगेटर फाब्रिझिया पोन्स या दोघी बायकांनी जिंकली. आपल्या शेजारच्या कासरगोडचे मुसा शरीफ नॅव्हिगेटर म्हणूनच अनेकदा राष्ट्रीय विजेते झाले. ड्रायव्हर गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, म्हणजे सरकारच्या यादीत हा खेळ बसला. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीपर्यंत गेले. आपल्या मंडळाच्या यादीत तो कधी बसायचा?

सीमेवरच्या घरांना तर एक जादा फायदा आहे. भाचीचा ड्रायव्हर कन्नड बोलतो, मेकॅनिक तमिळ, नोट्स इंग्रजी, आणि घरी फोन मराठीत. या सरमिसळीला आपण आयुष्यभर अडचण म्हणत आलो. तिथं तेच उपयोगी पडतं.

तर मागणी साधी आहे. गुणगौरवाच्या अर्जात टक्क्यांच्या खाली एक ओळ वाढवा : ‘राष्ट्रीय पातळीवरील इतर कामगिरी’. त्यात रॅली येऊ दे, गिर्यारोहण येऊ दे, तबला येऊ दे. आणि मोटारसायकल रॅली काढायचीच असेल तर हेल्मेट आणि लायसन नसलेल्याला रांगेत घेऊ नका. मी मंडळाची आजीव सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरते. दोन्ही गोष्टी येत्या सर्वसाधारण सभेत लेखी मांडणार आहे. तुमच्या गावच्या मंडळात तुम्हीही मांडा.