खोक्याभोवतीचं खोकं

वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत मराठी घरात मिठाईच्या खोक्यांची उतरंड रचली जाते. त्यातलं एखादं नीट उलगडून पाहावं. वर झगमगीत पिशवी, मग खोक्याला घट्ट बसलेली पारदर्शक फिल्म, तिच्याखाली चकचकीत थर चढवलेला पुठ्ठा, आत खळग्यांचा प्लास्टिक ट्रे आणि सगळ्यांत शेवटी अर्धा किलो काजूकतली. काजूकतली दोन दिवसांत संपते. बाकीचं सगळं उरतं.

त्यातली ती फिल्म तर मुळात तिथं असायलाच नको. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या वस्तूंच्या यादीतल्या स्ट्रॉ आणि चमचे लोकांच्या लक्षात राहिले. पण मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही त्याच यादीत आहे. महाराष्ट्राला या विषयाची ओळख त्याच्या कितीतरी आधी झाली. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या, आणि पुढे पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१८ मध्ये राज्याने ती आणखी कडक केली.

पण वेष्टनाची खरी पारख सरकारी यादीत होत नाही. ती होते कचरावेचक बाईच्या हातात.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बायका सुका कचरा वेगळा करतात आणि त्यातलं जे विकलं जाईल ते भंगारात घालतात. पुठ्ठ्याला गिऱ्हाईक आहे, पाण्याच्या बाटलीला आहे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीलाही आहे. चिवड्याचं रुपेरी पाकीट आणि शाम्पूची पुडी मात्र मागे राहते. त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते सुटे करणं परवडत नाही. शिवाय पुड्या इतक्या हलक्या, की दिवसभर वेचल्या तरी वजन भरत नाही. जिच्या श्रमाचा मोबदला तराजूवर ठरतो, तिने त्या कशासाठी वेचाव्यात?

पाकीट बनवणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. तळलेला चिवडा हवा आणि दमटपणा लागला की खवट होतो, सादळतो; महिनोन्‌महिने दुकानात राहायचा तर त्याला ते थर लागतात. परवा बनून आज खाल्ल्या जाणाऱ्या बर्फीला मात्र असलं काहीही लागत नाही. गरजेचं वेष्टन आणि दिखाऊ वेष्टन यांतला फरक इथं अगदी उघड आहे, आणि दिवाळीत विकत घेतलं जातं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं.

गिऱ्हाइकाच्या हाती एक साधी गोष्ट आहे. मिठाई खोक्यासकट तोलून विकणं नियमात बसत नाही; दाम निव्वळ मिठाईचेच द्यायचे असतात. म्हणजे तराजूवर आधी रिकामं खोकं ठेवून त्याचं वजन वजा करायला दुकानदार बांधील आहेच. त्या खोक्याच्या जागी घरून नेलेला स्टीलचा डबा ठेवला, तर त्याचं काम तसूभरही वाढत नाही. डबा पुढे करताना वाटणारा संकोच तेवढा आवरावा लागतो.

दिवाळी अंकही यातून सुटत नाहीत. मुखपृष्ठावर प्लास्टिकचा पातळ थर चढला, की तो कागद लगद्यात सहजी विरघळत नाही. पूर्वी मासिकं टपालाने यायची ती एका कागदी पट्टीत गुंडाळून, आणि पत्ता त्या पट्टीवरच असे. प्रस्तुत अंकाचं मुखपृष्ठ यंदा साध्या कागदाचं आहे, आणि वर्गणीदारांच्या प्रतींवर तीच पट्टी आहे. टपालात एखादी प्रत भिजली, तर कळवावं. दुसरी पाठवली जाईल.