हजेरी नसलेल्या वर्गातील कसोटी

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले. पुढील वर्षी ही संख्या ४९ हजारांवर गेली. पुण्या-मुंबईतील अभियांत्रिकी पदवीधरही या ओघात आहेत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे त्यामागील प्रमुख कारण. अर्थात त्यालाही अपवाद निर्माण होत आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रतिसत्र १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क लागू केले आहे.

जाण्याची तयारी कसून केली जाते. नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे 'एपीएस' प्रमाणपत्र सक्तीचे झाले. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवावे लागतात. ही जुळवाजुळव करण्यात घरातील सर्वांचेच वर्ष जाते. तेथील वर्गात नेमके काय वाढून ठेवले आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्याचे सत्र बऱ्याच अंशी महाविद्यालयच चालवते. हजेरी घटली की नोटीस लागते, 'सबमिशन' पूर्ण झाल्याशिवाय 'टर्म' मिळत नाही आणि अधूनमधून चाचण्या होत राहतात. जर्मनीत व्याख्यानाला न जाणाऱ्यास सहसा कोणी जाब विचारत नाही. प्रयोगशाळा आणि परिसंवाद वगळता हजेरीची सक्ती फारशी नसते. ही मोकळीक सुरुवातीला सुखावते. अनेक विषयांत सगळे मूल्यमापन सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर अवलंबून असते. शिवाय प्रवेश घेतला म्हणून परीक्षेला आपोआप नाव लागत नाही. त्यासाठी ठरावीक मुदतीत विषयवार नोंदणी करावी लागते. मुदत हुकली तर अनेक ठिकाणी त्या सत्रात परीक्षेला बसता येत नाही.

गुणांची पद्धतही उलटी आहे. तेथे १.० सर्वोत्तम, तर ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी. खरा धोका मात्र नापास झाल्यानंतर सुरू होतो. 'एटीकेटी'च्या सवयीने राहिलेला विषय पुढे ढकलणाऱ्यांना अनेक विद्यापीठांत प्रत्येक परीक्षेसाठी साधारणतः तीनच संधी मिळतात, हे उशिरा उमगते. आवश्यक विषयात शेवटची संधीही गेली तर तो अभ्यासक्रम संपतो आणि सामान्यतः तोच अभ्यासक्रम जर्मनीत अन्यत्रही पुन्हा करता येत नाही. निवास परवान्याचे नूतनीकरणही अभ्यासातील प्रगतीवर अवलंबून असते. मागे शैक्षणिक कर्जाचे हप्ते उभे असतातच.

याच सत्रात पोटापाण्याचा प्रश्नही सोडवायचा असतो. खात्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातील मोठा वाटा भाड्यातच जातो. मार्च २०२४ पासून वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. गोदामातील रात्रपाळीचे पैसे लगेच हाती येतात, तर बुडालेल्या व्याख्यानांचा हिशेब फेब्रुवारीत चुकवावा लागतो. त्यामुळे पहिल्या सत्रात तरी कामाचे दिवस मोजून घेणेच शहाणपणाचे.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालकाचे पत्र आणि नगर कार्यालयातील अर्ज जर्मन भाषेतच असतात. जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात त्या बहुधा विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे. केवळ भारतीयांच्या व्हॉट्सॲप गटात वावरणाऱ्यांना तिचा पत्ता लागत नाही. दहाचे व्याख्यान सव्वादहाला सुरू करण्याची जुनी विद्यापीठीय प्रथा तेवढी आपल्या विद्यार्थ्यांच्या विनासायास अंगवळणी पडते!

परीक्षेची नोंदणी कशी करावी, मार्गदर्शनासाठी कोणाला भेटावे, ही माहिती सत्रारंभीच्या परिचय सप्ताहात दिली जाते. तो बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होतो. येथील सल्लागार संस्थांचे काम सहसा व्हिसा हाती पडताच संपते. व्हिसाला उशीर झालेला विद्यार्थी नोव्हेंबरात पोहोचतो, तेव्हा हा सप्ताह उलटून गेलेला असतो आणि काही विद्यापीठांत परीक्षा नोंदणीची मुदतही सुरू झालेली असते.